नाकांची वही

आत्याच्या पाळणाघरात शिरायचं तर आधी नाक दाखवावं लागतं. दारात एक बुटकं लाकडी स्टूल आहे. सकाळी साडेसात ते नऊ आत्या त्यावर बसते, म्हणजे तिचे डोळे आणि मुलांची नाकं एका पातळीत येतात. मांडीवर लांब आडवी वही, कानामागे पेन्सिल. मूल समोर आलं की हनुवटीला एक बोट लावून ती त्याचा चेहरा उजेडाकडे वळवते, दोन सेकंद बघते आणि वहीत खूण करते. कोरड्या नाकाला टिंब. पाणी येत असेल तर आडवी रेघ. पिवळं-हिरवं असेल तर फुली. फुलीवाला आल्या पावली घरी जातो. रेघवाला आत येतो, पण त्याच्या खिशात जादा रुमाल कोंबला जातो.

वहीत मुलांची खरी नावं नाहीत. टपाल, वकील, भोंगा, पहिली जुळी, दुसरी जुळी अशी अठरा नावं आहेत. टपालला टपाल म्हणतात कारण शहरात कुठेही सर्दी निघाली की ती दोन दिवसांत तो घरपोच आणून देतो. वकील चार वर्षांचा आहे आणि फुलीविरुद्ध अपील करतो.

"मावशी, हे शेंबूड नाही. हे मी रडलो म्हणून आलंय."

"हिरवं रडलास?"

"हो."

"मग घरी जाऊन पांढरं रड, आणि उद्या ये."

सगळी मुलं, त्यांचे आईबाप आणि समोरचा दूधवालासुद्धा तिला मावशी म्हणतो. मी एकटी आत्या म्हणते, कारण ती माझ्या बाबांची मोठी बहीण आहे आणि हे पाळणाघर माझ्यामुळे सुरू झालं. मी एक वर्षाची असताना आईबाबा दोघंही नोकरीवर जायचे. आत्याने मला तिच्या दोन खोल्यांत ठेवून घेतलं, मग शेजारणीचं मूल आलं, मग तिच्या मैत्रिणीचं. त्याला आता बावीस वर्षं झाली. लहानपणी मी दिसेल ती वस्तू डोळ्याजवळ नेऊन बघायचे, म्हणून आत्याने माझं नाव भिंग ठेवलं. ते अजून चालू आहे.

आत्याला लहानपणापासून दमा. दोन पंप: एक रोजचा, श्वासनळ्यांची सूज दाबून ठेवणारा, आणि एक लागेल तेव्हाचा, निळा, धाप लागली तर ओढायचा. एरवी तिच्याकडे बघून कुणाला शंका येणार नाही. दोन मुलं दोन बाजूंना कडेवर घेऊन ती जिना चढते. पण सर्दी झाली की चित्र पालटतं. ती म्हणते, "लोकांची सर्दी नाकात मुक्काम करते. माझी जिना उतरते." तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती सर्दी छातीत पोचलेली असते. घरातली मंडळी यावर पूर्वी एकच शब्द वापरायची: नाजूक. एक काका तर नखरे म्हणायचे. ते स्वतः साध्या तापाला मृत्युपत्र काढून बसायचे, ते सोडा.

यंदा मोठ्या सुट्टीनंतर शाळा उघडल्या. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी मला लॅबमध्ये पाळणाघरातल्या काकूंचा फोन आला. काकू म्हणजे आत्याच्या मदतीला असणाऱ्या बाई; स्वयंपाक, दूध, आंघोळी सगळं त्यांच्याकडे. त्या कधी घाबरत नाहीत, म्हणून त्यांचा आवाज ऐकूनच मी हातमोजे काढू लागले.

"तुझी आत्या वाक्य पुरं करू शकत नाहीये," त्या म्हणाल्या. "दोन शब्द बोलते आणि थांबते. मी गाडी बोलावलीय. तू थेट हॉस्पिटलला ये."

गाडी येईपर्यंत काकूंनी आत्याला पुढे झुकवून बसवलं, निळा पंप देत राहिल्या, आणि अठरा मुलांना भिंतीकडे तोंड करून आगगाडी करायला लावली. इंजिन भोंगा. त्यामुळे मावशीचे निळसर ओठ एकाही मुलाने पाहिले नाहीत. काकूंचे हे उपकार मी विसरणार नाही. त्यांना तसं सांगितलं तर म्हणाल्या, "उपकार कसले, आगगाडी घसरली असती तर मीच सापडले असते."

आत्या चार दिवस ऑक्सिजनवर होती. पाचव्या दिवशी घरी आली. त्याच संध्याकाळी बाबांनी निर्णय सांगितला. विचारला नाही, सांगितला.

"ताई, आता पुरे. पाळणाघर बंद."

"कारण?"

"कारण विचारतेस? अठरा नाकं तुझ्या तोंडावर शिंकतात. चार वर्षांत दोनदा हॉस्पिटल. तिसऱ्यांदा काय होईल ते मी बघत बसू?" त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. पालकांसाठी नोटीस टाइप करून आणली होती: महिनाअखेर पाळणाघर कायमचं बंद होत आहे, सहकार्याबद्दल आभारी आहोत.

आत्याने कागद वाचला. "'कायमचं'ला अनुस्वार बरोबर दिलास," ती म्हणाली. तिचे डोळे त्या बुटक्या स्टुलावर होते. बावीस वर्षं तिचा दिवस त्या स्टुलापासून सुरू होतो. लग्न, मुलं, नोकरी, बाकीच्यांकडे जे जे असतं ते तिच्याकडे या दोन खोल्यांतच होतं. बाबांना ते कळत नव्हतं असं नाही. ते घाबरले होते, आणि घाबरलेले बाबा फर्मान काढतात.

थोड्या वेळाने आत्या कपाटाकडे गेली आणि सात लांब वह्या काढून माझ्यापुढे ठेवल्या. सात वर्षांपूर्वी एका तापाने अख्खं पाळणाघर आडवं झालं, तेव्हापासून ती नाकांच्या खुणा करत आली होती.

"तू सर्दीवरच नोकरी करतेस ना? मग बघ यात. नाकांनीच मला आडवं केलं असं वही म्हणाली तर मी स्वतः ती नोटीस दाराला लावेन. वही दुसरं काही म्हणाली तर तेही सांग. रविवारपर्यंत."

"आणि बाबा?"

"तुझ्या बाबाला मी चड्डीत पाहिलाय. वहीपुढे तो बोलणार नाही."

माझी नोकरी खरंच सर्दीवरची आहे. एका हॉस्पिटलच्या संशोधन विभागात मी कनिष्ठ सहायक आहे. दमा असलेल्या आणि नसलेल्या माणसांच्या नाकातून मऊ ब्रशने काढलेल्या पेशी आमच्याकडे येतात. त्या मी बारीक खळग्यांच्या प्लेटमध्ये तीन-चार आठवडे वाढवते. त्यांच्यावरचे सूक्ष्म केस हलताना दिसू लागले की त्यांच्यावर सर्दीचा विषाणू सोडायचा, आणि ठरलेल्या तासांना थोडा द्रव काढून इंटरफेरॉन मोजायचं. इंटरफेरॉन म्हणजे विषाणू शिरलेल्या पेशीने शेजारणींना मारलेली हाक: माझ्या घरात चोर शिरलाय, कड्या लावून घ्या. दमा नसलेल्यांच्या पेशी ही हाक सहसा वेळेवर आणि खणखणीत मारतात. दमा असलेल्या बऱ्याच जणांच्या पेशी ती उशिरा मारतात, किंवा पुटपुटतात. सगळ्यांच्या नाही, आणि सगळ्या प्रयोगशाळांना हे सारखंच दिसतं असंही नाही. पण आमच्या प्लेटमध्ये मला ते अनेकदा दिसलं आहे. हाक उशिरा गेली की विषाणूला पसरायला वेळ मिळतो, आणि आधीच सुजलेल्या श्वासनळ्यांत तो धुमाकूळ घालतो.

दीड वर्ष मी हे आकडे भरत होते. आत्याची जिना उतरणारी सर्दी आणि माझ्या तक्त्यातला उशिराचा ठिपका, यांचा एकमेकांशी संबंध असू शकतो हे मला माहीत होतं. पण प्लेटवर जेवढं वाकून बघितलं तेवढं तिच्याकडे मी बघितलं नव्हतं. तिला मी कधी विचारलं नव्हतं की सर्दी झाली की तू नेमकं काय करतेस.

शुक्रवारी संध्याकाळी मी वह्या उघडल्या. प्रत्येक पानावर अठरा ओळी आणि खाली एकोणिसावी. एकोणिसावी ओळ 'मी' अशी होती. आत्या रोज स्वतःच्याही नाकाची खूण करायची, आणि तिच्यापुढे रोजचा पंप घेतला की एक छोटी बरोबरची खूण. समासात बारीक अक्षरात टिपा: 'भोंगा आजीकडे.' 'छाती वाजते.' 'निळा चार वेळा.' इतकी नीट नोंद आमच्या लॅबच्या फायलीत नसते. मी मनातल्या मनात तिला नमस्कार केला आणि आकडे संगणकावर चढवू लागले.

पहिली गोष्ट तासाभरात दिसली. आत्याची छाती जेव्हा जेव्हा बिघडली, तेव्हा आधी तिला सर्दी झाली होती. धूळ झटकली त्या दिवशी नाही, रंगकाम झालं त्या आठवड्यात नाही. सर्दीनंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवशी. आणि सर्दीच्या आधी दोन-तीन दिवस मुलांच्या ओळींत आडव्या रेघांची गर्दी. फुल्यांची नव्हे, रेघांची. हे मला कळायला हवं होतं. सर्दी सर्वांत जास्त पसरते ती सुरुवातीच्या, पाणी गळणाऱ्या दिवसांत. नाक हिरवं होईपर्यंत तिचा जोर बहुधा ओसरत आलेला असतो. आत्या सात वर्षं जवळजवळ उलटं करत होती. फुलीला घरी, रेघेला आत.

म्हणजे बाबा बरोबर होते. नाकांनीच आणलं होतं. मी नोटिशीचा विचार केला आणि मला वह्या मिटून टाकाव्याशा वाटल्या.

पण मी काढलेल्या आलेखातले दोन खांब जुळत नव्हते. पहिल्या तीन वर्षांत आत्याला सोळा सर्द्या झाल्या होत्या. त्यांतल्या तीन जिना उतरल्या, त्याही निळ्या पंपावर आटोपल्या. नंतरच्या चार वर्षांत एकवीस सर्द्या. त्यांतल्या तेरा छातीत गेल्या आणि दोन थेट हॉस्पिटलात. सर्द्यांचं प्रमाण तेच. मुलं तेवढीच. मग चार वर्षांपूर्वी काय बदललं?

मी पुन्हा एकोणिसाव्या ओळीवर आले आणि या वेळी नाक सोडून पंपाच्या खुणा बघितल्या. पहिली तीन वर्षं रोज, एकही दिवस न चुकता. चौथ्या वर्षापासून मध्येच मोकळ्या जागा. आठ दिवस, दहा दिवस. प्रत्येक मोकळी जागा सर्दीच्या पहिल्या दिवशी सुरू होत होती आणि नाकाचं टिंब परत आलं की संपत होती. सर्दी येताना दिसली की पंप घट्ट धरायचा, तर नेमकी तेव्हाच आत्या तो खाली ठेवत होती.

पहिल्या मोकळ्या जागेशी गेले. समासात तिचं बारीक, गोल अक्षर होतं.

'भिंग म्हणते, सर्दीत रोजचा पंप नको. त्यात स्टेरॉइड. प्रतिकारशक्ती कमी होते.'

मला ती दुपार आठवली. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते, एकोणीस वर्षांची. स्टेरॉइडचा धडा त्याच आठवड्यात संपला होता. आत्याला सर्दी होती, मी तिच्याकडे जेवायला बसले होते, आणि भाताचा घास हातात धरून मी तिला सगळं समजावलं होतं: स्टेरॉइड पेशींचा बचाव दाबतं, म्हणून विषाणू आलेला असताना ते घेणं तर्काला धरून नाही. 'तर्काला धरून' हे शब्दसुद्धा माझेच. ती कौतुकाने ऐकत होती. मला वाटलं होतं नुसतंच ऐकतेय.

सगळ्यात वाईट म्हणजे त्यात थोडं खरं होतं. आजही आम्ही विषाणू सोडायच्या आदल्या दिवशी प्लेटमधल्या द्रवातून, पेशी नीट वाढाव्यात म्हणून घातलेलं स्टेरॉइड काढून टाकतो, कारण त्याने ती हाक दबते. मी दर आठवड्याला ते काढते. तेच मी आत्याच्या छातीतून काढलं होतं.

शनिवारी सकाळी मी छातीच्या डॉक्टरबाईंच्या दारात उभी राहिले. आत्यावर त्यांनीच उपचार केले होते. आमच्या विभागाला नाकातल्या पेशीही त्यांच्याच रुग्णांकडून येतात.

"मॅडम, माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत. त्या सर्दी झाली की..."

"अकरा नंबरची खाट. तुझी आत्या," त्या म्हणाल्या. "आडनाव वाचता येतं मला. बस."

मी बसले आणि वही दाखवली. त्यांनी समासातली ओळ दोनदा वाचली.

"भिंग कोण?"

"मी."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "मी तिला विचारलं होतं, रोजचा पंप घेता ना? हो म्हणाली, अगदी न चुकता. म्हटलं, मग एवढा झटका कसा? म्हणजे घरात कुणीतरी शिकलेलं आहे तर. न शिकलेली माणसं निदान मला विचारतात."

मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी घाईघाईने प्लेटबद्दल बोलू लागले. इंटरफेरॉन, तास, आकडे. त्यांनी बोलू दिलं.

"तुझी प्लेट खोटं बोलत नाही," मग त्या म्हणाल्या. "पण प्लेट धापा टाकत नाही. प्लेटच्या नळ्या आवळत नाहीत. तिच्या पेशींची हाक तशीही उशिरा जात असेल, ते तुझ्या-माझ्या हातात नाही. पण नळ्यांमधली सूज रोजच्या रोज खाली ठेवणं हातात आहे. ती खाली असेल तर विषाणू आला तरी धिंगाणा घालायला जागा कमी मिळते. रोज पंप घेणाऱ्यांना असे झटके कमी येतात, हे आम्ही माणसांत मोजलेलं आहे, प्लेटमध्ये नाही. तू नेमका सर्दीच्या दिवशी पंपच काढून घेतलास."

"म्हणजे तेराच्या तेरा..."

"तेराच्या तेरा स्वतःच्या नावावर लावू नकोस. तिचं वय वाढलंय, दमा बदलतो, आणि एका माणसाच्या एकवीस सर्द्यांवरून मी काही सिद्ध करणार नाही. तूही करू नकोस, संशोधन करतेस ना?" त्या थोडं हसल्या. "पण हे थांबव. आजच."

त्यांनी एका कागदावर आराखडा लिहून दिला. रोजचा पंप रोज, सर्दीत तर नक्कीच. फुंकर मारून श्वासाचा जोर मोजायचं एक छोटं यंत्र सकाळ-संध्याकाळ. तीनशेच्या वर ठीक. अडीचशेच्या खाली गेलं तर या गोळ्या आणि मला फोन. दोनशेच्या खाली किंवा वाक्य तुटू लागलं तर सरळ इकडे. फ्लूची लस. शेवटची ओळ त्यांनी अधोरेखित केली: भाचीचा सल्ला घेण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

"पाळणाघर बंद करायला हवं का?" मी विचारलं.

"तिला विचार. मी छातीची डॉक्टर आहे. छाती सांभाळता आली तर बाकीचं तिचं."

रविवारी दुपारी पाळणाघर रिकामं होतं. लहान चटया गुंडाळून कोपऱ्यात उभ्या होत्या. आत्या स्टुलावर बसली होती, बाबा मुलांच्या खुर्चीत गुडघे हनुवटीला लावून. नोटीस त्यांच्या शर्टाच्या खिशातून डोकावत होती.

"हं," बाबा म्हणाले. "काय म्हणते वही?"

इथे मला एक पळवाट होती, ती मी लपवत नाही. नाकांचं तेवढं सांगितलं असतं तर ते खरंच होतं. पाळणाघर बंद झालं असतं, पंपाचं मी आत्याच्या कानात हळूच सांगितलं असतं आणि माझी ओळ कुणी वाचली नसती. मी आधी नाकांचं सांगितलं. बाबांनी खिशाकडे हात नेला.

"थांबा बाबा. अजून आहे."

मी चौथ्या वर्षाची वही उघडून त्यांच्या मांडीवर ठेवली आणि समासावर बोट ठेवलं. मग उरलेलं सांगितलं, वर न बघता. सोळापैकी तीन. एकवीसपैकी तेरा. मोकळ्या जागा. भाताचा घास. डॉक्टरबाई.

बाबांचा आवाज चढला.

"तू? डॉक्टर आहेस का तू? एक धडा वाचून माणसाचं औषध बंद करतात? तुझ्या आत्याचा जीव..."

"ए," आत्या म्हणाली. "खाली. आवाज खाली. मुलांच्या खुर्चीत बसून ओरडायचं नाही, इथला नियम आहे."

आत्याने वही स्वतःकडे ओढली आणि आपलंच अक्षर बराच वेळ वाचत राहिली.

"चार वर्षं मी तुझं ऐकलं," ती मला म्हणाली. "आईचं कधी इतकं ऐकलं नव्हतं."

"आत्या, मी..."

"बोलू दे. तू म्हणालीस म्हणून मी लिहून घेतलं. का, माहितेय? आमच्या घरात माझ्या छातीला कारण आहे असं म्हणणारी तू पहिली. बाकी सगळे नाजूक म्हणायचे. तू म्हणालीस पेशी, बचाव, विषाणू. कारण चुकीचं होतं, ते असो. पण कारण होतं. मला इतकं बरं वाटलं की डॉक्टरला विचारायचं सुचलंच नाही. ती चूक माझी. अर्धी अर्धी करू."

मला आता रडू आलंच. आत्याने माझ्या हनुवटीला बोट लावून चेहरा उजेडाकडे वळवला.

"रेघ," ती बाबांना म्हणाली. "पण रडल्यामुळे. चालेल."

बाबा हसले नाहीत, पण त्यांचे खांदे उतरले. "आणि पुढे काय?" त्यांनी विचारलं. "पंप चालू केला म्हणून मुलं शिंकायची थांबणार आहेत?"

"नाही. पण आपण उलटं करत होतो ना, भिंग? रेघेला आत घेत होतो. आता रेघेला दोन दिवस घरी. नाकं काकू पुसतील, मी फक्त बघेन, हातभर लांबून. खिडक्या उघड्या. आणि हे." तिने डॉक्टरबाईंचा कागद घडीवर घडी घालून वहीत ठेवला. "पुढच्या सुट्टीनंतर शाळा उघडतील तेव्हा बघू. सर्दी मला होणारच. ती जिना उतरून मला हॉस्पिटलात घेऊन गेली, तर तुझी नोटीस मी माझ्या हाताने लावीन. शब्द देते."

"लिहून दे," बाबा म्हणाले.

आत्याने त्यांच्या खिशातून नोटीस काढली, उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर मोठ्या अक्षरात लिहिलं: 'नाकातून पाणी येत असल्यास दोन दिवस घरी. अपील चालणार नाही.' ती दाराला लागली. सोमवारी वकिलाने ती आईकडून वाचून घेतली आणि तो फार निराश झाला.

पालक कुरकुरतील असं मला वाटलं होतं. कामावरून दोन दिवस घरी राहणं कुणाला परवडतं? काही कुरकुरलेही. पण जुळ्यांच्या आईने आपणहून एक यादी केली: कुणाच्या घरी कुणाची आजी, कुणाचा आजोबा रिकामा आहे. रेघवाली मुलं तिथे जाऊ लागली. टपालच्या आजोबांना तर आठवड्याआड काम लागलं. ते म्हणाले, "मावशींनी याच्या धाकट्या काकालाही इथेच वाढवलं. दोन दिवस काय, चार ठेवतो."

सुट्टी संपली, शाळा उघडल्या. दुसऱ्या आठवड्यात बुधवारी आत्याचा फोन आला.

"आली."

"कोण?"

"कोण काय, तीच. सकाळपासून नळ. टपालला सोमवारी परत पाठवला होता, पण शुक्रवारी आला तेव्हाच दिली असणार त्याने. पंप घेतलाय. फुंकर तीनशे वीस."

त्या आठवड्यात मी लॅबमध्ये तास मोजत होते आणि घरी दिवस. गुरुवारी तीनशे दहा. शुक्रवारी तीनशे. शनिवार चौथा दिवस. त्या सकाळी दोनशे ऐंशी आला आणि बाबांनी चपला घातल्या. आत्याने स्वतः डॉक्टरबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, निळा पंप घ्या, घरीच थांबा, संध्याकाळी पुन्हा मोजा. संध्याकाळी दोनशे पंच्याऐंशी. रविवारी तीनशे. सोमवारी परत तीनशे दहा, आणि पाळणाघर काकूंनी एकटीने चालवलं, आगगाडी न करता.

दहाव्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, मी लॅबला जाण्याआधी तिच्याकडे धावत गेले. आत्या स्टुलावर होती. रांगेत माझ्यापुढे भोंगा आणि दुसरी जुळी. माझा नंबर आला. आत जायला पाऊल टाकलं तर तिने पेन्सिल आडवी धरली.

"नाक."

"आत्या, मी तेवीस वर्षांची आहे."

"उजेडाकडे बघ."

बघितलं. नाक पुसायला विसरले होते. सकाळपासून जरा पाणी येत होतं, पण उत्साहात माझं लक्षच नव्हतं. सर्दीवर नोकरी करणारी मी.

"रेघ," आत्या म्हणाली. "दोन दिवस घरी."

"अगं पण मला तुझी वही..."

"अपील नाही," मागून वकील म्हणाला. त्याचं नाक कोरडं होतं आणि त्याला आज न्याय मिळाला होता.

मी बाहेर जाऊन खिडकीखाली उभी राहिले. थोड्या वेळाने आत्या आतून खिडकीशी आली, उघडी काच ओढून घेऊन हातभर लांब उभी राहिली आणि वही उघडून काचेला लावली. एकोणिसावी ओळ. दहा दिवस नाकापुढे रेघा, मग फुल्या, आणि आज टिंब. त्यांच्यासमोर दहा बरोबरच्या खुणा, एकही जागा मोकळी नाही. समासात तेच बारीक, गोल अक्षर:

'सर्दी अर्धा जिना उतरली आणि परत गेली. पंप चालू. भिंग म्हणाली, डॉक्टर म्हणाल्या, मी विचारलं.'

त्याच्याखाली, माझ्या डोळ्यांसमोर, तिने आणखी एक ओळ आखली. विसावी. नावाच्या जागी लिहिलं 'भिंग', आणि पुढे एक आडवी रेघ ओढली.

"रविवारी नाक बघून सांगेन," ती काचेपलीकडून म्हणाली. तिने ते पूर्ण वाक्य एका श्वासात म्हटलं. मी नाक पुसलं आणि घरी गेले.